गावच्या दप्तराची संगणकीय मांडणी

पुण्याच्या कौन्सिल हॉलच्या परिसरात दगडी बांधणीची एक जुनी इमारत आहे. पेशवे दप्तर या नावाने ती सर्वपरिचित आहे. पेशवाईतील जमाखर्च, इनामांच्या सनदा, गावोगावचे झडतीचे कागद, सरदारांचे हिशेब आणि पुढे इनाम कमिशनच्या कामासाठी गोळा झालेले दस्तऐवज असे कोट्यवधी कागद तेथे मोडी लिपीत आहेत. हे कागद कापडात बांधून ठेवले असून अशा प्रत्येक गाठोड्यास रुमाल म्हणतात. रुमालांची संख्या ४०,००० च्या आसपास आहे. रियासतकार गोविंद सखाराम सरदेसाई यांनी १९३० ते १९३४ या काळात या संग्रहातील निवडक कागदांचे ४५ खंड संपादून प्रसिद्ध केले, तेव्हा कोठे त्यांतील एक अंश अभ्यासकांच्या हाती आला. कागद जतन झाला होता यात संशय नाही. परंतु हवा तो कागद हव्या त्या वेळी सापडणे ही गोष्ट निराळी, आणि तिच्यासाठी आयुष्ये खर्ची पडली.

याच परिसरात नवीन प्रशासकीय इमारतीमध्ये जमाबंदी आयुक्त आणि संचालक, भूमी अभिलेख यांचे कार्यालय आहे. महाराष्ट्रातील सुमारे अडीच कोटी सात-बारा उताऱ्यांच्या संगणकीय नोंदींचा कारभार या कार्यालयाच्या देखरेखीखाली चालतो. शेतकरी आपल्या मोबाईलवर जिल्हा, तालुका, गाव व गट क्रमांक निवडतो आणि काही क्षणांत उतारा त्याच्यासमोर येतो. रुमालांचे गाठोडे आणि हा उतारा यांतील अंतर केवळ यंत्राचे नाही. ते नोंदींच्या मांडणीचे आहे. संगणकाच्या व्यवहारात अशा सुसूत्र मांडलेल्या माहितीसंग्रहास डेटाबेस म्हणतात. व्यापारी पेढी, बँक, साखर कारखाना, दूध संघ या सर्वांचे काम आज डेटाबेसवर चालते, आणि शेतकऱ्याचे कर्ज, पीकविमा व खरेदी-विक्री ही त्याच्याच एका ओळीवर अवलंबून असते. सबब त्याची रचना कशी असते व ती कोठे बिघडू शकते, हे गावपातळीवरील कार्यकर्त्यांनी आणि शेतकरी बांधवांनी समजून घेणे अगत्याचे आहे.

मोजता येईल तेच लिहावे

पुणे जिल्ह्याला या विषयाचा अनुभव जुना आहे. पेशवाईच्या अस्तानंतर प्रिंगल या अधिकाऱ्याने जिल्ह्यातील जमिनीची पाहणी करून सारा ठरविण्याचे काम १८२० च्या दशकाच्या अखेरीस हाती घेतले. प्रत्येक प्रतीच्या जमिनीचे उत्पन्न काढावे, त्यातून लागवडीचा खर्च वजा करावा आणि राहिलेल्या निव्वळ उत्पन्नाचा शेकडा ५५ हिस्सा सरकारने घ्यावा, अशी त्याची योजना होती. कागदावर ती अत्यंत शास्त्रशुद्ध दिसत असे. प्रत्यक्षात हजारो शेतांचा उत्पन्न-खर्च खरेपणाने मांडणे कोणासही शक्य नव्हते. मोजणी करणाऱ्या खालच्या नोकरांनी मन मानेल तसे आकडे भरले, त्यांची शहानिशा करण्याचे साधन नव्हते, आणि काही वर्षांतच ही आकारणी कोलमडली. कित्येक रयतांनी जमिनी टाकून दिल्या.

त्यानंतर गोल्डस्मिड आणि विंगेट या दोघांनी १८३५ च्या सुमारास इंदापूर तालुक्यात नव्याने काम सुरू केले. त्यांनी माहितीची हाव आवरली. शेताची सीमा दगडांनी निश्चित केली, त्यास क्रमांक दिला, आणि मातीची खोली व प्रत पाहून जमिनीचे नऊ वर्ग पाडले. उत्तम वर्ग सोळा आण्यांचा व त्याखाली उतरते वर्ग. खड्डा खणून माती पाहिली की वर्ग खरा की खोटा हे वरिष्ठ अधिकाऱ्यास जागेवरच कळे. तीस वर्षांसाठी सारा कायम झाला. १८४७ च्या संयुक्त अहवालाने याच पद्धतीस नियमबद्ध स्वरूप दिले आणि ती मुंबई इलाख्यात सर्वत्र पसरली. आजही डेटाबेसची आखणी करणाऱ्यास पहिला प्रश्न हाच पडावयास पाहिजे की, जो रकाना आपण ठेवीत आहोत तो कोण भरणार व तो खरा आहे हे कोण तपासणार. ज्याची तपासणी होऊ शकत नाही असा रकाना न ठेवलेलाच बरा.

गाव नमुने : कागदावरचा डेटाबेस

विंगेट पद्धतीत जमिनीची नोंद होती, परंतु जमिनीवर कोणाचा कोणता हक्क आहे याची स्वतंत्र नोंद नव्हती. १९०३ च्या मुंबई कायद्याने अधिकार अभिलेख तयार करण्याची तरतूद झाली आणि १९१३ मध्ये ती जमीन महसूल अधिनियमात समाविष्ट करण्यात आली. आज या नोंदी महाराष्ट्र जमीन महसूल अधिनियम, १९६६ व त्याखालील १९७१ च्या नियमांनुसार ठेवल्या जातात.

गाव नमुने हा शब्द शेतकऱ्यांच्या नित्य परिचयाचा आहे. नमुना १ हा आकारबंद होय. त्यात प्रत्येक भूमापन क्रमांकाचे क्षेत्र व आकारणी असते. नमुना ६ ही फेरफारांची नोंदवही. नमुना ७ मध्ये जमिनीचे धारक व इतर अधिकार, नमुना १२ मध्ये पिके, आणि नमुना ८-अ मध्ये एका खातेदाराच्या गावातील सर्व जमिनींची एकत्र यादी. सात आणि बारा हे दोन नमुने एकाच कागदावर येत असल्यामुळे त्या कागदास सात-बारा हे नाव पडले.

ही मांडणी बारकाईने पाहिल्यास असे दिसून येते की, जमिनीची वही वेगळी, माणसांची वही वेगळी आणि घडलेल्या व्यवहारांची वही वेगळी आहे. तिघींना जोडणारे दुवे म्हणजे भूमापन किंवा गट क्रमांक, खाते क्रमांक आणि फेरफार क्रमांक. सात-बारावर धारकाच्या नावापुढे फेरफाराचा जो क्रमांक लिहिलेला असतो, तो हाताशी धरून नमुना ६ उघडला की ते नाव तेथे का व केव्हा आले याचा उलगडा होतो.

अमेरिकेतील संगणकतज्ज्ञ एडगर कॉड यांनी १९७० साली एका निबंधात सुचविले की, माहितीचा मोठा साठा हा सरळ तक्त्यांत मांडावा. प्रत्येक ओळीला तिची स्वतंत्र ओळख असावी. आणि एका तक्त्याचा दुसऱ्याशी संबंध ही ओळख लिहूनच दाखवावा. जगातील बहुतेक व्यापारी डेटाबेस पुढे या पद्धतीवर उभे राहिले. मुंबई इलाख्यातील महसूल अधिकाऱ्यांपुढे संगणक नव्हता, तरीही कामाच्या गरजेतून ते या विचाराच्या बरेच जवळ पोहोचले होते असे म्हणावयास हरकत नाही.

उणीव होती ती पुनरुक्तीची. एकच क्षेत्र नमुना १, ७, ८-अ आणि १२ अशा चार ठिकाणी हाताने लिहावे लागे. खातेदार मयत झाला व त्याच्या नावावर तीन गट असले, तर वारसांची नावे तीन सात-बारांवर आणि शिवाय ८-अ वर चढवावी लागत. एखाद्या ठिकाणी हात चुकला किंवा काम उद्यावर गेले की, एकाच गावच्या दप्तरात दोन सत्ये नांदू लागत. शेतकरी एक कागद घेऊन सोसायटीत जाई, दुसरा घेऊन बँकेत जाई, आणि दोन्हीकडून परत येई. संगणकीय मांडणीत ८-अ स्वतंत्रपणे लिहून ठेवण्याचे कारण उरत नाही. सातवरील नोंदी खाते क्रमांकानुसार एकत्र केल्या की ८-अ आपोआप तयार होतो. एक गोष्ट एकाच जागी लिहावी, अन्यत्र तिचा केवळ हवाला द्यावा, हा डेटाबेसच्या रचनेचा मुख्य नियम आहे.

ओळख कशास म्हणावे

नाव ही ओळख होऊ शकत नाही. महसुली दप्तरात पांडुरंग, सोसायटीच्या वहीत पांडू आणि बँकेच्या पासबुकात दीर्घ डू काढलेला पांडूरंग, ही तिन्ही माणसे एकच आहेत हे गावाला ठाऊक असते. यंत्रास ती तीन माणसे वाटतात. उलट, एका गावात एकाच नावाचे, एकाच वडिलांच्या नावाचे व एकाच आडनावाचे दोघे चुलत भाऊ असणे मुळीच दुर्मीळ नाही. अशा वेळी यंत्र दोघांना एक समजते, आणि एकाच्या कर्जाचा बोजा दुसऱ्याच्या जमिनीवर जाण्याचा धोका असतो. म्हणून खाते क्रमांक.

जमिनीच्या क्रमांकासही अडचणी आल्याच. १९४७ च्या तुकडेबंदी व एकत्रीकरण कायद्याखाली जेथे योजना अमलात आली, तेथे जुने सर्व्हे नंबर जाऊन गट नंबर आले. आजोबांच्या खरेदीखतात सर्व्हे नंबर, नातवाच्या उताऱ्यावर गट नंबर, आणि दोहोंचा मेळ घालणारे पत्रक कार्यालयात. त्यातून पोटहिस्से पडले की क्रमांकास तिरकी रेघ व उपक्रमांक जोडावे लागतात. केंद्र शासनाने अलीकडे प्रत्येक भूखंडास त्याच्या नकाशावरील स्थानावरून १४ अक्षरांकांची एकमेव ओळख देण्याची योजना आखली आहे, तिचा हेतू हाच. चांगली ओळख एकदा दिल्यावर बदलू नये, एका वस्तूखेरीज दुसरीस देऊ नये, आणि ती वस्तू नाहीशी झाली तरी दुसऱ्यासाठी पुन्हा वापरू नये.

वहीतून यंत्रात

जमिनीच्या नोंदी संगणकावर आणण्याची केंद्र पुरस्कृत योजना १९८८-८९ साली देशातील आठ जिल्ह्यांत प्रायोगिक स्वरूपात सुरू झाली. महाराष्ट्रातून वर्धा जिल्ह्याची निवड झाली होती. पुढे राज्यभर तालुक्यातालुक्याच्या संगणकांत सात-बारा भरण्यात आले, आणि त्यानंतर राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्राच्या पुणे येथील पथकाने तयार केलेल्या ई-फेरफार या आज्ञावलीद्वारे फेरफाराचे कामही संगणकावरच होऊ लागले.

परंतु हाताने लिहिलेल्या लक्षावधी पानांची माहिती यंत्रात भरणे म्हणजे नुसते नक्कल करणे नव्हते. वहीत चालून गेलेल्या गोष्टी यंत्रात चालत नाहीत. वहीत एखाद्या रकान्यात “वरीलप्रमाणे” लिहिलेले असे. यंत्रास वर काय आहे ते सांगावे लागते. शाई उडालेली, कडा फाटलेली पाने होती. टंकलेखन करणाऱ्याने ‘१’ च्या जागी ‘९’ वाचला की सबंध हेक्टरांचा घोळ होई.

क्षेत्राच्या एककाचा प्रश्न तर फारच शिकवण देणारा आहे. जुन्या नोंदी एकर-गुंठ्यांत होत्या, नव्या हेक्टर-आरमध्ये आहेत. एक एकर म्हणजे ४० गुंठे किंवा ४०.४७ आर. समजा, एका गटाचे क्षेत्र ४ एकर आहे आणि तीन भावांचे हिस्से अनुक्रमे २ एकर, १ एकर व १ एकर आहेत. आकडा पूर्ण आरपर्यंत धरावयाचा झाल्यास ४ एकरांचे १ हेक्टर ६२ आर होतात. हिस्से निरनिराळे बदलले असता २ एकरांचे ८१ आर व एकेका एकराचे ४० आर होतात. या तिन्ही हिश्श्यांची बेरीज १ हेक्टर ६१ आर भरते. कोणीही जमीन चोरलेली नाही, कोणीही खोटे लिहिलेले नाही, तरी कागदावरून एक आर, म्हणजे १०० चौरस मीटर, नाहीसा झाला. हिस्सेदार दहा-बारा असले म्हणजे फरक वाढत जातो. संगणक अशा गटास तात्काळ खूण करतो, कारण धारकांच्या क्षेत्रांची बेरीज एकूण क्षेत्राइतकी असलीच पाहिजे, हा नियम त्यास घालून दिलेला असतो. वहीत ही विसंगती वर्षानुवर्षे झोपून राहिली असती. नियम घालून देणे हे डेटाबेसचे मोठे सामर्थ्य आहे. मात्र नियम लागू झाला की जुन्या चुका एकदम पुढे येतात आणि काही काळ असे वाटते की यंत्रानेच त्या केल्या.

या चुका दुरुस्त करण्यासाठी संगणकातील सात-बारा व मूळ हस्तलिखित यांचा गावोगाव मेळ घेण्यात आला. त्यातच २०१७ साली चावडी-वाचनाची मोहीम झाली. गावकऱ्यांना चावडीवर जमवून संगणकातील उतारे मोठ्याने वाचून दाखवावयाचे व ज्याचे त्याने ऐकून चूक सांगावयाची, अशी ही रीत. कोणतीही आज्ञावली जे पकडू शकत नाही, ते म्हणजे बेरीज बरोबर आहे पण माणूस चुकीचा आहे ही गोष्ट, ती चावडीवर बसलेल्या वृद्धाच्या कानास कळते. ज्या गावी लोक आले, तेथे उतारे सुधारले. जेथे कोणी फिरकले नाही, तेथील चुका तशाच पुढे गेल्या व कर्जाच्या किंवा वाटणीच्या वेळी उभ्या राहिल्या.

१ मे २०१८ रोजी डिजिटल स्वाक्षरीचा सात-बारा सुरू झाला. २०२० साली उताऱ्याचा नमुना सुधारण्यात आला. गावाचा संकेतांक, शेवटच्या फेरफाराचा क्रमांक व दिनांक आणि प्रलंबित फेरफार ही माहिती त्यावर येऊ लागली.

फेरफार

डेटाबेसमध्ये बदल कसा करावयाचा, हा त्याच्या रचनेइतकाच महत्त्वाचा प्रश्न आहे. खरेदीचा व्यवहार घ्यावा. विकणाऱ्याचे नाव कमी होणे व घेणाऱ्याचे नाव लागणे ही दोन कामे असली तरी व्यवहार एकच आहे. पहिले झाले व दुसरे राहिले, तर जमीन बेवारस होईल. दुसरे झाले व पहिले राहिले, तर एका जमिनीचे दोन पूर्ण मालक होतील. म्हणून दोन्ही कामे एकदम व्हावीत, नाही तर एकही होऊ नये. वीज मध्येच गेली तरी यंत्राने अर्धवट व्यवहार रद्द करून पूर्वस्थितीवर यावे, अशी व्यवस्था डेटाबेसमध्ये केलेली असते. बँकेत एका खात्यातून दुसऱ्यात रक्कम जाते ती याच तत्त्वावर.

दुसरी गोष्ट म्हणजे जुने पुसावयाचे नाही. हस्तलिखित उताऱ्यावर गेलेल्या नावास कंस करीत. आता त्यावर आडवी रेघ येते. खाडाखोड नव्हे, खूण. कोणत्या दिवशी जमीन कोणाच्या नावे होती हे मागाहून पाहता आले पाहिजे. जो डेटाबेस फक्त आजचे चित्र ठेवतो आणि कालचे पुसतो, तो वादाच्या प्रसंगी निरुपयोगी ठरतो.

तिसरी गोष्ट अधिकाराची. नोंद घेणारा आणि मंजूर करणारा एकच नसावा. फेरफार तलाठी नोंदवितो (२०२४ पासून या पदास ग्राम महसूल अधिकारी असे नाव आहे), संबंधितांना नोटीस जाते, हरकतीसाठी १५ दिवसांची मुदत असते, आणि त्यानंतर मंडळ अधिकारी नोंद प्रमाणित करतो. हरकत आल्यास ती विवादग्रस्त प्रकरणांच्या वहीत जाते. संगणकातही हीच उतरंड कायम ठेवली आहे. हा काळ अनेकांना विलंब वाटतो. परंतु ज्या बहिणीचे नाव वारस नोंदीतून वगळले जात आहे, तिच्यासाठी ते पंधरा दिवस हीच एक संधी असते. तिला वाचता येत नसेल किंवा ती दूरच्या गावी नांदत असेल, तर ‘आपली चावडी’ या संकेतस्थळावर ती नोटीस पाहून तिला कळविणे हे गावातील कार्यकर्त्यास सहज करता येण्यासारखे आहे. खरेदी, वारसा, वाटणी इत्यादींनी हक्क प्राप्त झाल्यास तीन महिन्यांच्या आत कळवावे, असे कलम १४९ सांगते. कित्येक घरांत वडील जाऊन दहा-दहा वर्षे लोटतात तरी नोंद होत नाही. मग यंत्रास मृत व्यक्तीच जिवंत वाटत राहते.

उताऱ्यावरील नोंद विरुद्ध सिद्ध होईपर्यंत खरी मानली जाते, असे कलम १५७ मध्ये म्हटले आहे. म्हणजे डेटाबेस हा न्यायनिवाडा नव्हे. पण चुकीची नोंद खोटी ठरविण्याचे ओझे ज्याच्या डोक्यावर पडते, त्यास नोंदीचे वजन चांगले कळते.

पीक पाहणी

नमुना १२ चे काम पूर्वी तलाठ्याकडे असे. अनेक गावे एका माणसाकडे असल्यामुळे बांधावर न जाता मागील वर्षाचेच पीक लिहिले जाण्याचे प्रकार सर्वांच्या माहितीचे आहेत. १५ ऑगस्ट २०२१ पासून टाटा ट्रस्ट्सच्या साहाय्याने ई-पीक पाहणी राज्यभर सुरू झाली. शेतकऱ्याने स्वतः मोबाईलवर पीक व क्षेत्र नोंदवून शेतातूनच छायाचित्र काढावयाचे, अशी ही योजना आहे. २०२२ च्या सुधारित आवृत्तीत शेतकऱ्यास आपली नोंद ४८ तासांत सुधारण्याची मुभा देण्यात आली व महसुली कर्मचाऱ्यांनी १० टक्के नोंदी तपासाव्यात असे ठरले. माहिती जेथे जन्मते तेथेच, आणि ज्यास तिची गरज आहे त्याच्याच हाताने, ती भरली जावी हे तत्त्व योग्य आहे. विंगेटच्या खड्ड्याची जागा येथे छायाचित्राने घेतली. तरीसुद्धा ज्या वाडीवर मोबाईलचा संपर्क पोहोचत नाही किंवा ज्या वृद्ध शेतकऱ्यास यंत्र हाताळता येत नाही, तेथे कार्यकर्त्याने जातीने मदत केली नाही तर पीक उभे असूनही कागदावर शेत पडीक दिसेल. विमा किंवा हमीभावाची खरेदी यांच्या वेळी त्याचा फटका बसतो.

गटाचा स्वतःचा हिशेब

हीच तत्त्वे गावातील लहान व्यवसायासही लागू पडतात. समजा, पुण्याच्या आसपासच्या गावातील ३० शेतकऱ्यांचा गट गुलटेकडीच्या बाजारात व शहरातील काही गृहसंस्थांत भाजीपाला पाठवितो. चिटणीस संगणकावर एक लांबलचक तक्ता ठेवतो : दिनांक, सभासदाचे नाव, गाव, दूरध्वनी, बँक खाते, माल, वजन, दर, रक्कम. रोज तीस ओळी धरल्या तर चार महिन्यांत ३,६०० ओळी होतात. एका सभासदाने बँक खाते बदलले की त्याच्या सुमारे १२० जागी दुरुस्ती करणे आले, आणि दोन जागा तरी राहून जाणारच. पैसे कोठे गेले याचा शोध दिवाळीत सुरू होतो.

याऐवजी तीन तक्ते असावेत. पहिल्यात सभासद, प्रत्येकास क्रमांक. नाव, गाव, दूरध्वनी, बँक खाते येथे एकदाच लिहावे. दुसऱ्यात माल; कोथिंबीर जुडीवर, टोमॅटो क्रेटवर किंवा किलोवर, काकडी किलोवर, असे एकक येथे ठरवून टाकावे, म्हणजे एकाने जुड्या व दुसऱ्याने शेकडा लिहिण्याचा घोळ होत नाही. तिसऱ्यात रोजचे व्यवहार. दिनांक, सभासद क्रमांक, माल क्रमांक, नग किंवा वजन, त्या दिवसाचा दर. हमाली, तोलाई, गाडीभाडे व उचल यांच्या नोंदी चौथ्या तक्त्यात सभासद क्रमांकासह ठेवाव्यात.

येथे एक मोठी चूक नेहमी घडते. दर मालाच्या तक्त्यात ठेवला जातो. त्यामुळे आज टोमॅटोचा दर बदलला की मागील सर्व दिवसांची रक्कम आपोआप बदलते आणि चुकते झालेले हिशेब पुन्हा उघडे पडतात. दर हा मालाचा गुण नव्हे, तो त्या दिवसाच्या व्यवहाराचा भाग आहे. यास्तव तो व्यवहाराच्या ओळीतच लिहिला पाहिजे. चुकीची ओळ आढळल्यास ती खोडू नये. उलट रकमेची दुसरी ओळ घालून पहिलीचा हवाला द्यावा, म्हणजे सभासदासमोर दोन्ही दाखविता येतात.

नोंद भरणारा व पैसे वाटणारा यांची कामे निरनिराळ्या व्यक्तींकडे असावीत. आठवड्यातून एकदा सर्व तक्त्यांची प्रत काढून ती चिटणिसाच्या घराबाहेर, अन्य सभासदाकडे ठेवावी, आणि सहा महिन्यांतून एकदा ती प्रत प्रत्यक्ष उघडून पाहावी. न उघडलेली प्रत वेळेला निघत नाही असा अनुभव पुष्कळांना आला आहे. सभासदांचे बँक खाते व आधार क्रमांक गटाच्या मोबाईल संदेशांत सर्वांसमोर टाकण्याची सवय सोडावयास हवी. ज्यास ज्या रकान्याची गरज नाही, त्यास तो दिसू नये.

महिनाअखेरीस चावडीवर जसे वाचन होते, तसे गटाच्या बैठकीतही प्रत्येकाची बेरीज वाचून दाखवावी.

चूक आढळल्यास

शेतकऱ्याने वर्षातून एकदा, शक्यतो पेरणीपूर्वी कर्जाची धावपळ सुरू होण्याआधी, आपल्या सर्व गटांचे सात-बारा व ८-अ काढून समोरासमोर ठेवावेत. नावाचे लेखन बँकेतील नावाशी जुळते का. आपल्या हिश्श्याचे क्षेत्र खरेदीखताशी अगर वाटणीपत्राशी जुळते का. सर्व धारकांची बेरीज गटाच्या क्षेत्राइतकी येते का. फेडलेल्या कर्जाचा बोजा इतर अधिकारांत अजून राहिला आहे का. मयत व्यक्तीचे नाव चालू आहे का. आणि ८-अ वर आपले सर्व गट आले आहेत का, हे पाहावे.

लेखनातील किंवा गणितातील चूक, अथवा जी चूक सर्व हितसंबंधितांना मान्य आहे ती, कलम १५५ खाली दुरुस्त होऊ शकते. त्यासाठी जुना हस्तलिखित उतारा, संबंधित फेरफाराची नक्कल व अर्ज ग्राम महसूल अधिकाऱ्यामार्फत तहसीलदारांकडे द्यावा व अर्जाची पोच घ्यावी. हक्काविषयी खरा वाद असल्यास हे कलम उपयोगी पडत नाही. तेथे फेरफाराविरुद्ध उपविभागीय अधिकाऱ्याकडे अपील करावे लागते व त्यास मुदतीचे बंधन असते. वारस नोंद, बोजा चढविणे व उतरविणे यांसारखे अर्ज ई-हक्क प्रणालीवरूनही करता येतात. पावसाळ्याच्या तोंडाशी सर्वांचीच गर्दी झाल्यामुळे संकेतस्थळ मंद चालते, त्यामुळे हे काम उन्हाळ्यात, नांगरट आटोपल्यावर, उरकून घ्यावे.